धूर तिच्या वाट्याला, निवड कुणाच्या हाती?

गेल्या हंगामात एका साखर कारखान्याजवळच्या तळावर मी ऊसतोड कामगार बायांची माहिती गोळा करत होते. टोळ्या बीड जिल्ह्यातून आलेल्या. वेळ संध्याकाळची. पहाटे तीनला उठून फडात गेलेल्या बाया नुकत्याच परतल्या होत्या आणि प्रत्येक कोपीपुढे तीन दगड मांडून चूल पेटत होती. पेटत होती म्हणजे धुमसत होती. लाकूड ओलं, त्यावर उसाचं पाचट. पाचट भुर्रकन पेटतं आणि तितक्याच लवकर विझतं. मग नुसता धूर. पुन्हा पाचट, पुन्हा फुंकर. एका बाईच्या मांडीवर दीड वर्षाचं पोर होतं, ते डोळे चोळत रडत होतं.

माझ्या हातातल्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘घरी गॅसची जोडणी आहे का? होय / नाही.’

“हाय की ताई. माझ्याच नावावर हाय,” ती म्हणाली.

“मग?”

“गावाकडं हाय, घरात, कुलपात. टाकी डोक्यावर घिऊन ऊस तोडाया यायचं का?”

ती हसली. शेजारच्या दोघीतिघी हसल्या. मी ‘होय’च्या चौकोनात खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

ती खूण पुढे बरेच दिवस मला खुपत राहिली. ती बाई हंगामाचे पाच-सहा महिने तीन दगडांवर रांधणार, पण कागदावर तिची गणना गॅसवाल्या घरात होणार. आणि ही गणना मी केली होती. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या, बायांच्या आरोग्यावर शिबिरं घेणाऱ्या मी.

मैत्रिणींनो, शेगडी किंवा चूल कशी निवडावी हा विषय आपल्या अंकात पाहून काहीजणींच्या कपाळावर आठी येईल. ‘हे तर गृहिणींच्या मासिकातलं सदर झालं,’ असं वाटेल. बाईला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं, असं आपण म्हणत आलो. मग पुन्हा तिथेच कशाला शिरायचं? पण ज्या खोलीत कोट्यवधी बायांचे रोजचे चार-पाच तास जातात, त्या खोलीतली हवा कशी आहे, हा प्रश्न आपण विचारणार नसू तर कोण विचारणार?

भडका दिसला, धूर दिसला नाही

आपल्या चळवळीला स्टोव्ह नवा नाही. ऐंशीच्या दशकात ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात रोजच असायची. हा भडका अपघाताचा नाही, हे आपल्या आधीच्या पिढीतल्या बायांनी रस्त्यावर उतरून सांगितलं. पोलीस चौकीवर मोर्चे नेले, मृत्युपूर्व जबान्यांसाठी भांडल्या. त्या लढ्याच्या रेट्यानेच १९८३ साली दंड विधानात कलम ४९८ अ आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ ब. (१ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे कलम ८५ आणि ८० म्हणून आहेत.) स्वयंपाकघरात घडलेली गोष्ट खाजगी नसते, हे त्या लढ्याने शिकवलं.

पण भडका एका क्षणात मारतो, म्हणून तो दिसतो. धूर तीस वर्षं घेतो, म्हणून तो दिसत नाही. त्याच्यावर पंचनामा होत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ‘दमा’ किंवा ‘हृदयविकार’ असं लिहिलं जातं. आपणही ‘वय झालं होतं’ म्हणतो आणि दहाव्याला जाऊन येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या हवेच्या प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं होती. पिढ्यान् पिढ्या हे चालू होतं, पण शास्त्रज्ञांनासुद्धा चुलीशेजारची हवा मोजायचं उशिरा सुचलं. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्या नेमकं काय श्वासात घेतात हे मोजलं. तोवर प्रदूषण म्हणजे गिरणीचं धुराडं आणि मोटारींची नळी. आजही हवा मोजणारी सरकारी यंत्रं शहरांच्या चौकांत असतात, चुलीजवळ नसतात.

आईचा ‘दमा’

हे सगळं मी परक्यांबद्दल लिहीत नाही. माझी आई बासष्ट वर्षांची आहे. लग्न होऊन आली तेव्हा घरात चूल होती. पावसाळ्यात गोवऱ्या ओल्या झाल्या की वातीचा स्टोव्ह. मी शाळेत जाऊ लागल्यावर घरी गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी कितीतरी वर्षं चुलीवरच. आता तिला जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. सात-आठ वर्षं तिच्या कागदांवर ‘दमा’ असं लिहिलेलं होतं आणि ती मिळतील ती औषधं घेत होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, “घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं का?” आम्ही म्हणालो, नाही. विषय संपला.

चुलीबद्दल कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही सांगितलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. मग एका शिबिरात छातीच्या आजारांवर बोलणाऱ्या डॉक्टरबाईंनी एक वाक्य सांगितलं, “आपल्याकडच्या बाईला फुप्फुसाचा आजार व्हायला बिडी लागत नाही.” त्यानंतर मी आईला नळीत जोरात फुंकायच्या तपासणीला नेलं. श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या होत्या. दम्यात श्वास कोंडतो आणि मोकळाही होतो. यात गेलेलं परत येत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि त्यांचे सहकारी पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हेच मांडलं होतं की सीओपीडी हा फक्त धूम्रपान करणाऱ्यांचा आजार नाही, आणि आपल्यासारख्या देशांत चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. माझ्या घरापर्यंत ही गोष्ट पोचायला पुढे दहा वर्षं लागली.

फुप्फुसांखेरीज हा धूर हृदयावर परिणाम करतो, मोतीबिंदू लवकर आणतो, लहान मुलांना न्यूमोनिया देतो. गरोदर बाई धूर घेते तेव्हा पोटातलं बाळही त्याच्या वाट्याला येतं.

काय जळतं, कुठे जळतं, किती वेळ जळतं

आता निवडीकडे येऊ. आमच्या गटांतल्या बायांशी बोलता बोलता मला तीन साधे प्रश्न सापडले. कोणतीही चूल, शेगडी, स्टोव्ह समोर आला की ते विचारायचे. काय जळतं? कुठे जळतं? किती वेळ जळतं?

लाकूड, पऱ्हाट्या, तुराट्या, पाचट, गोवऱ्या यांचा धूर सगळ्यांत वाईट. ओल्या लाकडाचा त्याहून वाईट, कारण आधी पाणी उडवण्यात आच खर्च होते आणि लाकूड नीट जळतच नाही. धुरातले बारीक कण इतके सूक्ष्म असतात की नाकाच्या केसांत अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आमच्याकडे येडी बाभूळ हेच मुख्य जळण. फुकट आहे, असं पुरुष म्हणतात. ती तोडायला, काटे काढायला आणि मोळी आणायला लागणारे बाईचे तास हिशेबात धरले नाहीत तर ती नक्कीच फुकट आहे.

निर्धूर चूल ही चांगली कल्पना होती. सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २००२ साली गुंडाळला. लाखांनी चुली बांधल्या. त्यांतल्या कितीतरी चुलींची धुराडी काजळीने बुजली, माती खचली, आणि बाईच्या मोठ्या पातेल्याला तोंड बसेना म्हणून तिने स्वतःच ती फोडून पुन्हा वैलाची जुनी चूल घातली. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातल्या सुधारित चुलींचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धूर कमी भरला, पुढे फरक उरला नाही, कारण चुली दुरुस्त होत नव्हत्या आणि वापरल्या जात नव्हत्या. अहवाल वाचणारे म्हणतील, बायांना समजत नाही. मी म्हणेन, बाईला न विचारता बांधलेली चूल बाई का सांभाळेल? ज्यांना आज लाकडाशिवाय पर्यायच नाही त्यांच्यासाठी कोरडं लाकूड, चांगली बांधलेली धुराड्याची चूल आणि ते धुराडं दर महिन्याला साफ करणं याला अजून अर्थ आहे. पण त्याला शेवटचं उत्तर समजू नये.

कोळशाच्या शेगडीला धूर दिसत नाही, म्हणून ती फसवी. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. थंडीत दार लावून शेगडी आत घेऊन झोपलेलं कुटुंब सकाळी उठत नाही, ती बातमी दर हिवाळ्यात कुठून तरी येते. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीसाठी निखारे ठेवायची आपली पद्धत आहे. खिडकी उघडी नसेल तर ती बाळंतीण आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते, हे प्रत्येक सुईणीला आणि आजीला सांगितलं पाहिजे.

रॉकेलच्या स्टोव्हबद्दल फार बोलायला नको. तो भाजतोही आणि काजळीही देतो. घरात रॉकेल जाळू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितलं आहे.

गॅस या सगळ्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. लाकडाच्या तुलनेत त्यातून बारीक कण फारच कमी निघतात. तरी ‘गॅस आला, हवा शुद्ध झाली’ असं नाही. ज्योतीच्या आचेने हवेतलाच नायट्रोजन जळतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. लहान मुलांच्या, दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांना तो चुरचुरतो. बर्नरची भोकं बुजली, ज्योत निळीऐवजी पिवळी झाली, भांड्याला काळं धरू लागलं, की समजावं, गॅस नीट जळत नाही आणि तोच तो कार्बन मोनॉक्साइड घरात येतो आहे. शेगडी घेताना आयएसआय खूण बघावी, काच आणि रंग मग बघावेत.

हे मी माझ्याकडेच बोट दाखवून म्हणते. मी भाड्याच्या घरात राहायला गेले तेव्हा काळ्या काचेची तीन बर्नरची शेगडी घेतली, कारण ती छान दिसत होती. स्वयंपाकघराच्या एकुलत्या खिडकीपुढे आम्ही कपाट ठेवलं होतं, कारण डबे ठेवायला जागा नव्हती. मिरचीची फोडणी दिली की सगळं घर खोकायचं आणि आम्ही हसायचो. आईची तपासणी झाली त्या आठवड्यात कपाट हलवलं आणि खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. शेगडीच्या किमतीच्या मानाने तो स्वस्तच पडला. फोडणीचा, तळणाचा धूर कोणत्याही शेगडीवर निघतो, विजेच्यासुद्धा. म्हणून खिडकी आणि पंखा हा शेगडीचाच भाग समजला पाहिजे.

विजेच्या इंडक्शन शेगडीवर घरात काहीच जळत नाही. स्वयंपाकघराच्या हवेपुरतं बोलायचं तर ती सर्वांत चांगली. पण तिच्या अटी आहेत. ॲल्युमिनियमची आणि तांब्या-पितळेची भांडी तिच्यावर चालत नाहीत. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघावा. चिकटला तर चालेल. लोखंडी तवा सपाट बुडाचा असेल तर चालतो, पण भाकरी फुगवायला जाळ लागतो तो तिथे नाही. वीज गेली की चूल विझली. एका खोलीत उसनी वायर ओढून घेतलेल्या वस्तीत दोन हजार वॅटची शेगडी लावणं हा वेगळाच धोका आहे. पैशांचं म्हणाल तर माझा ढोबळ हिशेब असा की १४.२ किलोच्या टाकीत होणारा स्वयंपाक इंडक्शनवर साधारण १२० ते १३० युनिटांत होतो. आपल्या बिलावरचा युनिटचा दर बघून ज्याने त्याने गुणाकार करावा. वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, हेही धरावं.

गोठ्यात तीन-चार जनावरं असलेल्या घरात गोबर गॅस अजूनही उत्तम. पण भूमिहीन बाईकडे जनावर नाही, म्हणून शेणही नाही.

तिसरा प्रश्न वेळेचा. डाळ भिजवून, झाकण ठेवून, कुकरमध्ये शिजवली तर जळण कमी जातं आणि बाई चुलीपुढे कमी वेळ बसते. ही सूचना मी करते खरी, पण जरा बिचकत करते. कारण तिचा अर्थ ‘तूच आणखी शहाणी हो’ असा काढला जातो. तो काढू नये.

आणि चौथा प्रश्न: ठरवतं कोण?

वरचे तिन्ही प्रश्न घरगुती सूचनांच्या सदरातही छापता येतील. आपल्या अंकात यायला हवा तो चौथा प्रश्न.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि जोडणी घरातल्या प्रौढ बाईच्या नावाने दिली गेली. ही गोष्ट मी छोटी मानत नाही. घराच्या उताऱ्यावर नाव नसलेल्या बाईचं नाव कुठल्यातरी पुस्तकावर आलं. योजनेतली आठ कोटीवी जोडणी दिली गेली ती आपल्याच मराठवाड्यात, ७ सप्टेंबर २०१९ रोजी, तेव्हाच्या औरंगाबादेत. पुढे २०२४ साली राज्य सरकारने वर्षाला तीन मोफत सिलेंडरची अन्नपूर्णा योजना जाहीर केली, त्यातही जोडणी बाईच्या नावावर असण्याची अट होती. तेव्हा आमच्या तालुक्यात नवरे स्वतः बायकोला घेऊन एजन्सीत आले, नाव बदलून घ्यायला. मला गंमतही वाटली आणि बरंही वाटलं.

पण नाव आलं म्हणून निर्णय आला का? महालेखापरीक्षकांच्या २०१९ सालच्या अहवालानुसार उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी ३.२१ टाक्या भरल्या जात होत्या. सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२४-२५ पर्यंत ही सरासरी ४.४७ वर आली. पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर महिन्या-सव्वा महिन्याला टाकी लागते. म्हणजे निम्म्याहून जास्त स्वयंपाक अजून चुलीवर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ग्रामीण भारतात स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरं ४३.२ टक्केच होती.

आमच्या एका गटात मी विचारलं, गॅस कशाला वापरता? उत्तरं अशी आली. सकाळचा चहा. पाहुणे आले तर. नवऱ्याला लवकर निघायचं असेल तर. पोराची परीक्षा असेल तर. एक मावशी म्हणाल्या, “माझ्यासाठी कोण पेटवतंय गॅस? मी एकटी असले की कालची भाकर अन् चटणी.” म्हणजे गॅस घरातल्या सगळ्यांच्या सोयीसाठी जळतो, फक्त तिच्या फुप्फुसांसाठी जळत नाही.

टाकी संपली की पूर्ण पैसे आधी मोजायचे, अनुदान मागाहून खात्यावर. ते खातं कुणाच्या मोबाइलला जोडलेलं? एजन्सीच्या गावाला टाकी आणायला मोटरसायकल कुणाकडे? पैसे सुटे करायचे की नाही हे कुणी ठरवायचं? जी श्वास घेते तिच्या हातात यातलं काही नाही. ज्याच्या हातात आहे तो संध्याकाळी धूर ओसरल्यावर जेवायला येतो. त्याच घरात मोबाइलचं रिचार्ज चुकत नाही. हे मी कुण्या एका पुरुषाला दुष्ट ठरवायला लिहीत नाही. धूर हा खर्चात धरलाच जात नाही, कारण तो बाईच्या अंगावर पडतो, आणि बाईच्या अंगावर पडणारी गोष्ट घराच्या वहीत लिहिली जात नाही, एवढंच म्हणायचं आहे.

इथे एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३२०० गरोदर बायांबरोबर एक मोठा प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या घरांना गॅस आणि शेगडी मोफत दिली. भारतातला भाग तामिळनाडूत होता. बायांच्या वाट्याचा धूर पुष्कळ कमी झाला, पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही. काहीजण यावरून म्हणतील, मग गॅस कशाला? मी उलट वाचते. आधीची कित्येक वर्षं छातीत गेलेला धूर, शेजारच्या दहा चुलींचा धूर, अपुरं जेवण, अंगमेहनत हे सगळं एका शेगडीने नऊ महिन्यांत पुसलं जात नाही. म्हणून शेगडी हा आपल्या मागणीचा शेवट नाही, सुरुवात आहे. आणि बाईला धुरातून सोडवायला बाळाच्या वजनाचंच कारण का लागावं? तिला स्वतःला श्वास घेता यावा, हे कारण पुरेसं नाही का?

‘चुलीवरची चव’

हल्ली हमरस्त्यावर जागोजाग पाट्या दिसतात. चुलीवरचं मटण, चुलीवरची मिसळ, चुलीवरची भाकरी. लोक गाड्या थांबवून जेवतात, वाहवा करतात. चूल ही आता गंमत झाली आहे. अशा एका ठिकाणी मी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. पत्र्याच्या शेडमध्ये सहा चुली आणि सहा बाया. दिवसाची पाळी दहा तासांची. त्यातली एक म्हणाली, “घरी गॅस हाय ओ. हितं चुलीचा पगार हाय.”

चवीचं मी नाकारत नाही. जाळावरच्या भाकरीचा पापुद्रा मलाही आवडतो. पण ज्या चवीची किंमत खाणारा सोडून दुसरंच कुणी भरतं, तिला परंपरा म्हणताना जरा थांबायला हवं. आपल्याच गटांतल्या बायाही चुलीची बाजू घेतात. धुराने छप्पराला कीड लागत नाही, ढेकूण-डास कमी होतात, थंडीत ऊब मिळते, चुलीपुढे चार बायकांना बोलत बसता येतं. ही कारणं खरी आहेत. त्यांना अडाणीपणा म्हणणारी कार्यकर्ती चार दिवसांत परत जाईल. ऊब, बोलणं आणि कोरडं छप्पर हे सगळं धुराशिवाय मिळायला हवं, असं म्हणणारी टिकेल.

आपण काय करायचं

पहिली गोष्ट, आपल्या बचत गटांच्या बैठकीत हा विषय घ्यावा. प्रत्येकीने एक आठवडा लिहावं, किंवा लिहिता येत नसेल तर ज्वारीचे दाणे ठेवावेत. चुलीवर केलेल्या प्रत्येक वेळचा एक दाणा, गॅसवरच्या वेळचा दुसऱ्या वाटीत. आठवड्याने दोन वाट्या समोर ठेवल्या की मला एकही आकडा सांगावा लागत नाही. आमच्या गटात तर एका सासूबाईंनी वाट्या पाहून सुनेला विचारलं, “एवढ्या येळा फुंकतीस व्हय गं?” ती सून बारा वर्षं त्याच घरात फुंकत होती.

दुसरी, गटाच्या कर्जाच्या यादीत टाकी भरणं, पंखा बसवणं, धुराडं घालणं ही कारणं मान्य करावीत. शेळी आणि शिलाई मशीन हे ‘उत्पादक’ आणि श्वास हा ‘घरखर्च’, ही वाटणी आपण बँकेकडून शिकलो. ती विसरू.

तिसरी मागणी ऊसतोड बायांसाठी. पाच किलोची लहान टाकी उज्ज्वलाच्या नियमांत आहे. २०२१ साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचं घोषणापत्र चालतं. मग कारखान्याच्या तळावर हंगामभर लहान टाकी भरून मिळण्याची सोय का नसावी? मुकादम उचल देताना कोयत्यामागे पैसे मोजतो, कारखाना टनामागे मोजतो. जोडप्यातल्या बाईने फडातून आल्यावर केलेला स्वयंपाक कुणीच मोजत नाही, पण त्या भाकरीवरच दुसऱ्या दिवशीचा ऊस तुटतो. २०१९ साली याच बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, तो बायांनी आणि संघटनांनी लावून धरला म्हणून. त्यांच्या फुप्फुसांचाही प्रश्न तिथवर न्यायला हवा.

चौथी, आपल्या आरोग्य शिबिरांत येणाऱ्या डॉक्टरांना आपण आधीच सांगावं, की धाप लागलेल्या प्रत्येक बाईला बिडीबरोबर चुलीचंही विचारा. किती वर्षं, बंद खोलीत की उघड्यावर. आशाताईंच्या वहीतही हा प्रश्न यावा.

आणि पाचवी गोष्ट, जी कुठल्याच योजनेत नाही. चुलीपुढे बसणारं माणूस बदललं तर चूल फार लवकर बदलेल. घरातल्या पुरुषांनी एक महिनाभर रोजच्या भाकरी ओल्या येड्या बाभळीवर थापून बघाव्यात. दुसऱ्या महिन्यात टाकी येते की नाही, ते मला कळवा.

माझ्या फॉर्मवरचा प्रश्न मी आता बदलला आहे. ‘घरी गॅसची जोडणी आहे का?’ हा खोडला. त्या जागी दोन प्रश्न लिहिले. ‘काल संध्याकाळचा स्वयंपाक कशावर केला?’ आणि ‘ते कुणी ठरवलं?’ दुसऱ्या प्रश्नाला बाया आधी हसतात, मग थोडा वेळ गप्प बसतात. त्या गप्प बसण्यातूनच आमची बैठक सुरू होते.